सर, तिच्या आठवीचं वर्ष अजून हातात आहे

पत्र

ताई, मी २६ वर्षांचा आहे. मूळचा कोल्हापूरकडचा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलो. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असतं. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले, तीही गेली. मी आधी घरी जाऊन खूप विनवलं होतं. वडील म्हणाले, "मास्तर, तुमचं काय, बदली झाली की तुम्ही जाल. आमाला हितंच राहायचंय." एप्रिलमध्ये ती परत आली. अपूर्णांक विसरली आहे, मान खाली घालून बसते, मला टाळते. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झाल्याचंही कानावर आलं. माझा अर्धा दिवस सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. माझ्यामुळे खरंच कुणाचं काही बदलतं का? की हे सोडून एमपीएससीच्या अभ्यासाला लागू?

– एक शिक्षण सेवक

उत्तर

प्रिय सर,

ती तुम्हाला टाळते, कारण तिला हुशार म्हणणारे तुम्हीच आहात. पाच महिने फडावर राहून आलेल्या मुलीला आपण मागे पडलोय हे पक्कं ठाऊक असतं. ते बाकी कुणाला कळलं तरी चालेल, पण सरांना कळू नये असं तिला वाटत असणार. म्हणून 'विसरलीस का?' हा प्रश्न वर्गात विचारू नका. फडावरच्या गोष्टी विचारा. दिवसाला किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती टन भरला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून किती आले, उचलीतले, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतले, किती फिटले, किती राहिले. निरक्षर आईबापांच्या घरात हा हिशेब पुष्कळदा शाळेत जाणारं पोरच ठेवतं. अपूर्णांक तिथूनच सुरू करता येतील. आणि आपण पाच महिने वाया घालवले, ही तिच्या मनातली टोचणीही थोडी कमी होईल.

तुमचा मोठा प्रश्न वाचताना मला केळुसकर गुरुजी आठवले. कृष्णराव अर्जुन केळुसकर, मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत ते वाचायला बसत. शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन तिथे येणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. तो त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. पुढे त्या मुलाच्या, भीमराव आंबेडकरांच्या, सत्काराची सभा झाली तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. त्या भेटीचा धागा १९५६ साली नागपूरपर्यंत पोचला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला मात्र केळुसकरांनी त्यानंतर जे केलं ते जास्त मोलाचं वाटतं. इंटर झाल्यावर पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. गुरुजी त्या तरुणाला बरोबर घेऊन थेट सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. मुलाचं कौतुक करणारे, त्याला पुस्तक देणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ झाले. मुलासाठी स्वतःचा शब्द खर्ची घालणारे, त्याच्याबरोबर कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणारे फार थोडे. सर, तुमच्या हातात जे आहे ते हे आहे, आणि त्याला अमुक इतक्या वर्षांची नोकरी लागत नाही.

अर्थात सगळं श्रेय केळुसकरांचं नाही. वडील रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून गहाण ठेवत. घर सोबत नसतं तर गुरुजींचा हात कुठवर पुरला असता?

म्हणून तिच्या वडिलांकडे परत जा, पण विनवायला नको, त्यांची अडचण विचारायला जा. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल फेडायची असते, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरली जाते, आणि दोघं पहाटे फडात गेली की कोपीवर (झोपडीवर) धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला, पाणी भरायला कुणीतरी लागतं. ते काम थोरल्या लेकीच्या वाट्याला येतं. शिवाय वयात येणारी मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती असते. लग्नाचं बोलणंही बहुतेक वेळा याच धास्तीतून निघतं. या माणसाला शिक्षणाचं महत्त्व पटवून देण्यात वेळ घालवू नका, ते त्याला पटलेलं असू शकतं. त्याला विचारा, धाकट्याचं काय करायचं? आजी गावात आहे का? ती रात्री आजीकडे राहिली आणि जेवणखाण शाळेत झालं तर चालेल का?

कारण त्याची सोय आहे. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह शाळेतच चालवता येतं. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होतं आणि त्याचा प्रस्ताव माणसं गाव सोडायच्या आत जावा लागतो. दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्येच कुठली घरं जाणार, कुठली मुलं मागे राहू शकतात, याची यादी करा. केंद्रप्रमुखांच्या मागे लागा. समितीत एखादी खमकी आई असेल तर तिला पुढे करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची तुमच्या तालुक्यात काय स्थिती आहे ते समाज कल्याण कार्यालयात विचारा. आणि इतकं करूनही ती गेलीच, तर शिक्षण हमी कार्ड भरून तिच्या हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसता येईल. तिथल्या गुरुजींना तुम्ही स्वतः फोन करा. कार्ड पिशवीतच राहतं, फोन आला की मुलगी हजेरीपटावर येते.

आता आठवीचं. एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीत असते हे तुम्हाला माहीत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, दोन्हींत ९०-९० प्रश्न. पहिल्या पेपरात तुमची ही मुलगी चमकेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. अडचण एकच, आपल्याकडे ही परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये येते आणि तेव्हा ती फडावर असते. ज्या मुलांसाठी हे पैसे आहेत, त्यांतलीच कितीतरी मुलं त्या दिवशी ऊस बांधत असतात, याचा मला मनापासून राग येतो. सातवीच्या निकालात ५५ टक्के आहेत का ते आजच पाहा (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०). उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा. आणि वडिलांना हा १२,००० चा आकडा सांगा, चार वर्षांचे ४८,००० होतात हेही सांगा. हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो.

लग्नाच्या बाबतीत मात्र थांबू नका. मुलगी १८ च्या आत आहे, आणि गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आधी अंगणवाडी ताईंशी, ग्रामसेवकांशी बोला. तारीख ठरल्याची कुणकुण लागली तर १०९८ वर फोन करा. हे एकट्यानं करू नका. तुम्ही तरुण आहात, बाहेरगावचे आहात, आणि मुलीचं नाव गावाच्या तोंडी जायला वेळ लागत नाही. तिच्या घरी जाताना बरोबर एखाद्या बाई शिक्षिकेला किंवा अंगणवाडी ताईंना घ्या. तिच्याशी जे बोलायचं ते वर्गात, चारचौघांत बोला.

वडिलांचं बदलीबद्दलचं बोलणं तुमच्या मनाला लागलंय. ते खोटं नाही, तुम्ही जाणारच आहात. पण मुक्ता साळवेचा विचार करा. फुले दांपत्याच्या शाळेत ती जेमतेम तीन वर्षं शिकली, म्हणजे तुमच्या शिक्षण सेवकपदाचा जितका काळ तितकीच. १८५५ साली, साधारण चौदाव्या वर्षी, तिनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माला, पेशवाईला, साऱ्या समाजाला ती पोर त्यात जाब विचारते. तीन वर्षांत शाळेनं तिला अक्षरं दिली, आणि तुझं म्हणणं लिहिण्याजोगं आहे हा विश्वासही दिला.

हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजार अशा कचाट्यात सापडलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, मायाळू माणसं म्हणून उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात घरचं किंवा बाहेरचं एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आणि बाहेरच्यांत शिक्षकांचं नाव वारंवार आलं. बाकीची दोन तृतीयांश मुलंही विसरू नका. तुम्ही सगळं केलंत तरी ही मुलगी कदाचित शिकणार नाही. तसं झालं तर तो तुमचा पराभव मानू नका, आणि तिचा तर मुळीच मानू नका.

राहता राहिली एमपीएससी. अभ्यास करावासा वाटत असेल तर जरूर करा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. १६,००० मानधनावर घर चालवणाऱ्या तरुणानं पुढचा विचार करूच नये, असं म्हणण्याचा कुणाला हक्क नाही. फक्त निर्णय या एप्रिलच्या निराशेत घेऊ नका. एक पूर्ण वर्ष, जूनपासून, वर सांगितलेली कामं वेळेवर करून बघा. गेल्या वर्षी तुम्ही दिवाळी तोंडावर आल्यावर धावलात, नवीन होतात, दुसरं काही शक्यही नव्हतं. आणि परीक्षा पास होऊन गेलात तर जाण्याआधी तिच्या नावाची एक वही नव्या शिक्षकांच्या हाती द्या: दाखले कुठे आहेत, आजीचा फोन नंबर काय, मुकादम कोण, कुठला कारखाना, गणितात कुठवर आली. तुम्ही जाताय हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या, आणि नव्या सरांशी ओळखही तुम्हीच करून द्या.

तुमची,
ताई