मागची सही : चेक, पॉलिसी आणि रील

आडत्याने मला ३८,००० रुपयांचा चेक दिलाय. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा आणि मध्ये ‘अकाउंट पेयी’. माझं बँकेत खातं नाही, गावच्या पतसंस्थेत आहे. मागे सही करून चुलतभावाच्या खात्यात भरला तर चालेल का? – एक वाचक, तासगाव

चुलतभावाच्या खात्यात नाही. ‘अकाउंट पेयी’ लिहिलेल्या चेकचे पैसे, चेकवर ज्याचं नाव आहे त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची बँकांना मनाई आहे. मागे कितीही नेटकी एन्डॉर्समेंट (सही करून चेक दुसऱ्याच्या नावे करणं) केली तरी काउंटरवरून चेक परत येणार.

तुमच्यासाठी मात्र एक वाट उघडी आहे. लाभार्थी पतसंस्थेचा सभासद असेल आणि रक्कम ५०,००० रुपयांपर्यंत असेल, तर असा चेक पतसंस्थेच्या बँकखात्यात वसुलीला घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. पैसे तुमच्याच खात्यात जमा होतील, असं पतसंस्थेला बँकेला लेखी द्यावं लागतं. तेव्हा पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना एवढंच विचारा, ‘आपली ज्या बँकेशी सोय आहे, ती असे चेक घेते का?’ सोय नसेल तर आडत्याकडून नवा चेक घ्या किंवा बँकेत खातं उघडा. ‘अकाउंट पेयी’ स्वतः खोडायच्या फंदात पडू नका. तो अधिकार तुमचा नाही आणि खाडाखोड दिसली की चेक बाद.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच. २०१२ पूर्वी ती सहा महिने होती, आणि अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात तीच बसली आहे.

मग एन्डॉर्समेंट चालते तरी कुठल्या चेकवर, आणि मागे नेमकं लिहायचं काय?

‘ऑर्डर’ चेकवर, म्हणजे ‘बेअरर’ (आणणाऱ्याला) हा शब्द खोडलेला आणि ‘अकाउंट पेयी’ नसलेला. नुसत्या दोन रेषा असतील तरी कायद्याची आडकाठी नाही, पण पैसे रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. परक्या माणसाने एन्डॉर्स केलेला चेक घ्यायला हल्ली बऱ्याच शाखा कां-कूं करतात. म्हणून आधी विचारून जावं.

१८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यात दोन मुख्य तऱ्हा आहेत. नुसती सही केली तर ती कोरी एन्डॉर्समेंट. त्या क्षणापासून तो चेक हातात असेल त्याचा. रस्त्यात पडला तर सापडणारा वटवू शकतो. म्हणून दुसरी तऱ्हा बरी : ‘अमुक यांना किंवा त्यांच्या आदेशानुसार द्यावेत’, खाली सही, तारीख. पुढे कुणाकडे जाऊच नये असं वाटत असेल तर ‘फक्त अमुक यांनाच द्यावेत’ असं लिहा. कोरी सही असलेला चेक हाती आला, तर सहीच्या वर स्वतःचं नाव लिहून तो पूर्ण करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो जरूर वापरा.

चेक अडकतो तो बहुतेक वेळा सहीच्या घोटाळ्यामुळे. चेकवर नाव ‘सुनिता’ आणि तुम्ही ‘सुनीता’, तर आधी चेकवर आहे तशी सही करा, खाली आपली नेहमीची. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ सहीत लिहू नका. दुकानाच्या नावाचा चेक असेल तर ‘अमुक ट्रेडर्सकरिता, मालक’ असं लिहून सही. दोघांच्या नावे असेल तर दोघांच्याही सह्या. आणि दहा हजारांपैकी चार हजार याला, सहा त्याला, अशी वाटणी चेकच्या मागे होत नाही; ती एन्डॉर्समेंट कायद्याने निरर्थक ठरते.

बेअरर चेकची रोकड घेताना रोखपाल मागे सही घेतो, ती पैसे मिळाल्याची खूण. तिला एन्डॉर्समेंट समजू नये.

आता खरी मेख. पुढे दिलेला चेक वटला नाही, तर घेणारा तुमच्याकडेही पैसे मागू शकतो. चेक परत आल्याची नोटीस त्याने वेळेत दिली म्हणजे झालं. चेक न वटल्याबद्दल याच कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला मात्र मूळ चेक काढणाऱ्यावरच चालतो. ही जबाबदारी नको असेल तर सहीसोबत ‘माझ्यावर परतफेडीची जबाबदारी नाही’ असं लिहिता येतं. पण ते वाचून चेक कोण घेईल, हा प्रश्न उरतोच.

जुनी मोटार घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, विमा अजून आधीच्या मालकाच्या नावावर. मुदत संपेपर्यंत थांबू का?

थांबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नावबदलाची एन्डॉर्समेंट, म्हणजे इथे नोंद, करून घ्यायची असते. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. उद्या बंपर-बॉनेट गेलं तर दावा नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त : तुमचं पॉलिसीवर नाव नाही आणि आधीच्या मालकाची गाडी नाही.

अर्ज, जुनी पॉलिसी, गाडी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० च्या प्रती किंवा नवी आरसी न्या. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे आधीच्या मालकाला मिळालेल्या सवलतीपैकी उरलेल्या मुदतीचा फरक तुम्हाला भरावा लागेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ आणि बँकेच्या एनओसीने आरटीओत उतरवा, मग पॉलिसीवरूनही काढून घ्या. सीएनजी किट बसवलं असेल तर त्याचीही नोंद दोन्हीकडे हवी.

मुलगी रील करते. कंपनीने क्रीम फुकट पाठवलं, पैसे दिले नाहीत. तरी जाहिरात म्हणून सांगावं लागतं का?

हो. फुकट वस्तू, सवलत, सहल, सगळं कंपनीशी असलेल्या ‘संबंधा’त मोडतं. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं साध्या शब्दांत, सहज दिसेल असं सांगावं लागतं. व्हिडिओत ते लिहिलेलंही हवं आणि बोललेलंही. हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेलं चालत नाही. शिवाय क्रीम खरंच वापरलेलं असावं. दिशाभूल ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एन्डॉर्स करणाऱ्यालाही, म्हणजे वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दावा खरा आहे की नाही याची आपल्या परीने खातरजमा केली होती हे दाखवता आलं, तर दंडातून सुटका होते. म्हणून कंपनीकडून दाव्याचा पुरावा ईमेलवर मागवून ठेवायला सांगा.