लुआंग प्रबांगला निघण्याआधी

प्रिय,

लाओसमधल्या त्या गावात बौद्ध भिक्खूंच्या पहाटेच्या भिक्षाफेरीत बसून भात वाढू की फोटो काढू, असं विचारलंयस. पहिल्या दिवशी दोन्ही नको. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि वाट मोकळी सोडायची.

पर्वणीला रामकुंडावर कॅमेरेवाले स्नान करणाऱ्यांच्या अंगावर कसे येतात, हे गोदाकाठच्या माणसाला मी काय सांगू! मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर तेच करायला एवढ्या लांब जायचं?

साधारण साडेपाच-सहाला भिक्खू अनवाणी, एका ओळीत निघतात. ज्येष्ठ पुढे, लहान सामणेर (शिकाऊ भिक्खू) मागे. फ्लॅश बंद. खांदे-गुडघे झाकलेले. ओळ ओलांडायची नाही, समोरून चालत यायचं नाही. सक्कालीन रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या थांबतात, तिथली गर्दी टाळ.

दुसऱ्या दिवशी वाढावंसं वाटलंच, तर भात रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेऊ नकोस. तो कधीचा शिजवलेला, कुणाला ठाऊक. खाऊन पोट बिघडायचं ते भिक्खूंचं. उतरलात त्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेव. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून पहाटे बांबूच्या टोपलीत वाफवावा लागतो, ऐनवेळी होत नाही. चपला काढून, पाय मागे दुमडून, त्यांच्यापेक्षा खाली बस. पात्रात चिमूटभरच टाक. पहिल्या चौघांना मूठमूठ वाढलं की टोपली रिकामी होते आणि ओळ तर अजून चालूच असते. संपला भात तर मध्येच उठू नकोस, हात जोडून बसून राहा. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नसतो. ते आभार मानणार नाहीत, बघणारही नाहीत. त्यात रुसण्यासारखं काही नाही.

वाट मोकळी सोड. हट्टी म्हण मला, पण हे पुन्हा सांगणार. हौशी दात्यांनीच ती वाट अडवलीय आणि त्यांना तसं शिकवणारे आमच्याच पिढीचे.

वात शिएंग थोंग हे मंदिर (१५५९-६०, राजा सेत्थाथिरातने बांधलेलं) दुपारी निवांत बघ. मागच्या भिंतीवरचा काचतुकड्यांचा वृक्ष चुकवू नकोस. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. मार्चमध्ये शेतं जाळल्याचा धूर नदीवर बसतो. नाम खानवरचा बांबूचा पूल पावसाळ्यात काढतात, त्या भरवशावर बेत आखू नकोस.

आणि तिकिटाआधी नाशिकची त्रिरश्मी (पांडवलेणी) चढ. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, दानलेख आहे. टॉर्च समोरून मारू नकोस, भिंतीला लागून तिरपा धर, म्हणजे अक्षरं उठतात. खडू बिलकुल नको. त्यात लिहिलंय: गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे (विणकरांच्या संघाकडे) २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवलेत, शेकडा दरमहा १ व्याजाने. वर्षाचे २४०. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या (पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या) २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२, हिशोब चोख. मुद्दल कुणी काढायचं नाही. भिक्खूंना कापड मिळत राहावं आणि देणाऱ्याने दरवर्षी समोर येऊन उभं राहायची गरज पडू नये, अशी ती सोय. आधी ते वाच, मग मला विचार फोटो काढू का.