लसणाला गॅमा: बेण्याचा हिशोब वेगळा, साठवणीचा वेगळा

निपाणीच्या बाजारातला स्वस्त लसूण दिवाळीनंतर लावला. वीस दिवस झाले, वाफे मोकळेच. गॅमा किरण (एक्स-रेसारखे आरपार जाणारे किरण) मारलेला असेल का?

असू शकतो. एक पाकळी उकरून उभी चिरा. आतला कोंब तपकिरी पडून सुकलेला असेल तर संशय रास्त आहे; पाकळीच मऊ पडून वास मारत असेल तर दोष पाण्याचा आणि बुरशीचा. आपला लसूण फेब्रुवारी-मार्चात निघतो, त्यामुळे दिवाळीला 'अजून झोपेत असेल' ही सबब चालत नाही. साठवणीत मोड येऊ नयेत म्हणून 20 ते 200 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस देतात, तेवढ्यात कोंबाचा शेंडाच मरतो. अशा मालाच्या पाकिटावर तसं छापावं लागतं. पण गोणी फोडून सुटा विकला की कोण सांगणार? खायच्या बाजारातून बेणं घेऊच नये.

अथणीजवळ माझं जवारी (गावरान) लसणाचं पाऊण एकर आहे. गड्डा बारीक राहतो. गॅमा देऊन मोठा होईल का?

सरळ नाही. गॅमा म्हणजे खत नव्हे. बेण्याचा डोस एक ते दहा ग्रेच्या आसपास, म्हणजे साठवणीच्या तुलनेत चिमूटभर. त्यातही डोस वाढेल तशी उगवण लांबते, रोप बुटकं राहतं, पानं मुरडतात, गड्ड्याचं वजन घटतं. अगदी कमी डोसात कधी वाढ थोडी बरी दिसते, पण तिचा भरवसा नाही.

मग शास्त्रज्ञ हा खटाटोप का करतात? लसणाला सहसा बी धरत नाही, त्यामुळे संकर करणं अवघड. पाकळीपासून पाकळी, पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड. नवा गुण हवा तर असा धक्का द्यावा लागतो. गंमत अशी, की कोंबातल्या काही पेशी बदलतात, काही तशाच राहतात. एकाच पानाची एक कड पांढरी, दुसरी हिरवी असंही दिसतं. म्हणून एकेका गड्ड्याच्या पाकळ्या वेगळ्या लावून तीन-चार हंगाम निवड करावी लागते. हजारो रोपांतून एखादंच कामाचं. पाऊण एकरवाल्याने यात पडू नये. बाहेरच्या जाड पाकळ्या तेवढ्या बेण्याला ठेवा, आतल्या बारीक फोडणीला.

खानापूरहून: सासूबाई म्हणतात, असा लसूण खाल्ला की किरणं अंगात जातात.

नाही. हे गॅमा किरण कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचे; ते लसणातून आरपार जातात, मागे काही उरत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाशेजारी बसतोच की आपण.

हुक्केरीत गड्ड्यांना शेतातच कोंब फुटले. बेण्याला गॅमा दिला असता तर थांबले असते?

कोंब थांबवण्याइतका डोस दिला असता तर पीकच उगवलं नसतं! हा बहुतेक उशिरा दिलेल्या युरियाचा आणि विरळ लावणीचा प्रताप. पुढच्या वेळी 15 बाय 10 सेंटीमीटरवर लावा, दीड महिन्यानंतर युरिया बंद.