पाण्याला आवाज येऊ दे

प्रश्न : मावशी, नमस्कार. आमच्याकडं सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे. मालक हरभऱ्याला पाणी द्यायला जातात आणि गारठून घरी येतात. पाकिटातलं सूप करून दिलं, तर दोन घोट पिऊन भाकरी मागतात. हुलग्याच्या (कुळथाच्या) पिठाचे शेंगोळे केले तर ते रश्श्यात विरघळतात. मुलं तर हुलग्याच्या वासानंच ताट सरकवतात. काय करू?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : पोरी, भाकरी मागतात त्यात त्यांचं काय चुकलं? थंडीत चिखलात उभं राहून पाण्याची दारं धरलेल्या माणसाला कॉर्नफ्लोअरनं दाट केलेलं पाणी कसं पुरावं? 100 ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तू शेंगोळेच कर, सोडू नकोस.

आधी वासाचं बघू. हुलगे निवडून मंद आचेवर भाज. तडतडायला लागले, खमंग वास सुटला की उतरव आणि गार झाल्यावरच दळायला दे. कच्चे हुलगे दळले की तो उग्रपणा शेवटपर्यंत जात नाही.

दोन वाट्या हुलग्याच्या पिठाला अर्धी वाटी ज्वारीचं पीठ घे. दहा-बारा लसूण पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि जिरं पाट्यावर जाडसर वाट. निम्मं वाटण पिठात घाल, निम्मं फोडणीला ठेव. पिठात हळद, मीठ, थोडा ओवा घालून घट्ट मळ. सैल मळलंस तर पुढं काहीच हाती लागत नाही. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या जाडीची वळी कर आणि दोन्ही टोकं जुळवून चांगली दाब.

करडीच्या तेलात मोहरी आणि उरलेलं वाटण परतून सात वाट्या पाणी ओत. मीठ पिठात आहे हे ध्यानात ठेवून रश्श्यात बेतानं टाक. आता खरी गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अंबाजोगाईला मी पाणी कोमट असतानाच सगळे शेंगोळे सोडले होते. सगळ्याचं पिठलं झालं. सासूबाई रागावल्या नाहीत. दुसरं पातेलं चुलीवर चढवलं, मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “पाण्याला आवाज येऊ दे.” खळखळ उकळी आली की शेंगोळ्याची वरची कड लगेच शिजून घट्ट होते, म्हणून तो आकार धरतो. कोमट पाण्यात पीठ आधी सुटतं, शिजतं नंतर. म्हणून चार-पाचच सोड, पुन्हा उकळी आली की पुढचे. पहिली पाच मिनिटं पळी लावू नकोस.

मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा मागं ठेव. तो गार पाण्यात कालवून शेवटी रश्श्यात घातलास की दाटपणा येतो. झाकण अर्धवट ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजव. एक शेंगोळा मोडून बघ. मध्ये फिकट, कोरडी रेघ दिसली तर अजून कच्चा आहे. खाली उतरवल्यावर दहा मिनिटं मुरू दे. मालक बांधावरून निघाले की फोन करत असतील, तेव्हाच गरम करायला ठेव. ताटात ज्वारीची भाकरी कुस्करून वर ओतायचं, सोबत कच्चा कांदा.

प्रश्न : माझ्या वडिलांना दात नाहीत. त्यांना रात्री गरम काय देऊ?
– एक वाचक, लातूर

उत्तर : हुलग्याचं माडगं द्या. भाजलेल्या हुलग्याचं तीन चमचे पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवा. इथं मात्र पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकायचं नाही, गुठळ्या होतात. दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण ढवळत ढवळत सोडा आणि आठ-दहा मिनिटं शिजवा. गोड हवं तर गूळ, तिखट हवं तर लसूण-जिऱ्याची फोडणी. माझे वडील गुळाचं मागायचे, आणि पितळी वाटी दोन्ही हातांत धरून बसायचे. ती वाटी गार होईपर्यंत खाली ठेवायचे नाहीत.