घाटातला पिकअप नंतर बघू, आधी ती जूनमधली पॉलिसी बघू

रत्नागिरीजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, स्वतःचा एकच ट्रक, बीएस-6, 16 टन पासिंग, इंजिन 160 एचपी, स्टिअरिंगवर स्वतःच. मिरकरवाड्याची मासळी आणि सीझनला हापूस वाशीला, अधूनमधून जांभा चिरा कोल्हापूरला. आंबा घाटात गाडी दमते, मागचे हॉर्न मारतात. एकाने सांगितलंय की रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मोठा इंटरकुलर आणि एक्झॉस्ट मिळून 85 हजारात गाडी 190 एचपी करून देतो, वर लिटरला एक किलोमीटर मायलेज वाढेल. ह्यांचा प्रश्न असा की 85 हजारासाठी ट्रकच्या लोनवर 16 टक्क्यांनी टॉपअप लोन घेऊ की सोनं ठेवू.

भाऊ, दोन्ही नको. कारण सांगतो, पण पत्रातल्या ज्या ओळीवरून तुम्ही भरकन पुढे गेलात तिथे मला जास्त वेळ थांबायचंय.

आधी घाट. भरलेली 16 टनाची गाडी 6 टक्के चढावर 160 एचपीने ढोबळमानाने ताशी 34 किलोमीटरने चढेल आणि 190 झाले तर 40 ने. दहा किलोमीटरचा चढ धरला तर वाचले अडीच-तीन मिनिटं, ते पण पुढे एसटी किंवा कंटेनर नसेल तर आणि वळणं नसतील तर, म्हणजे आंबा घाटात नाहीच. शिवाय तो 190 चा आकडा वरच्या आरपीएमला मिळतो, 2500 च्या आसपास, आणि तुम्ही घाट ओढता दीड-पावणेदोन हजारावर, तिथे काम करतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. टॉर्क वाढवायचा म्हणजे जास्त डिझेल मारायचं, मग जास्त उष्णता, आणि क्लच-गिअरबॉक्स मात्र कंपनीने धरलेल्या जुन्याच टॉर्कचे. तेच इंजिन जास्त एचपीत विकताना कंपनी सहसा टर्बो, इंजेक्टर, कूलिंग सगळं बघते, नुसता लॅपटॉप जोडून सोडून देत नाही.

मायलेजचं तर हसूच आलं. ट्रकवाल्याला कंपन्या मायलेजवरच गाडी विकतात, साडेपाचाचे साडेसहा असे सहज होत असते तर त्यांनी शोरूममधूनच करून दिले असते. वर्षाला 48 हजार किलोमीटर, डिझेल 90 धरून तुम्ही वर्षाला सव्वा लाख वाचवायला निघालात, मी 2-3 टक्के धरतो, म्हणजे फार तर वीसेक हजार, तेही पाय हलका ठेवलात तर. आणि 190 एचपी मिळाल्यावर पाय हलका राहतो असा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

ह्या कामात बऱ्याचदा डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर), ईजीआर नाहीतर युरियाची सिस्टीम, म्हणजे प्रदूषण कमी करणारे भागच, बंद करून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल बसत नाहीत, एकेका बदलामागे 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, वॉरंटी उरली असेल तर ती गेली आणि उद्या क्लेम आला की विमा कंपनीला वाद घालायला निमित्त. त्यापेक्षा एअर फिल्टर, इंटरकुलरचे होज आणि डीपीएफ तपासून घ्या. आणि युरिया, म्हणजे डीईएफ, कुठून भरता ते बघा, कारण खराब डीईएफ पडलं की बीएस-6 गाडी आपणहून ताकद कमी करते, लोक इंजिनाला शिव्या देतात. चिरा 'थोडा जास्त' भरतो असं लिहिलंयत, तो थोडा म्हणजे किती ते तुम्हाला माहीत, पण ओव्हरलोडला 20 हजार आणि वर टनामागे 2 हजार दंड आहे. गाडी दमण्याचं कारण तिथेच नाही ना?

आता ती ओळ. 'जूनमध्ये पॉलिसीचा 1,20,000 चा हप्ता असतो, तेव्हा मासळी बंद, म्हणून बायकोचं सोनं ठेवतो आणि पुढच्या मे पर्यंत सोडवतो.' हे तुम्ही असं लिहिलंयत जसं काही पाऊस पडतो तसं हे पण होतं!

2022 च्या जूनमध्ये ट्रकचं लोन करताना त्याच टेबलावर ही 'गॅरंटीड' पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली, 'ह्याच्याशिवाय फाईल पास होत नाही' म्हणून. ट्रकला मोटार विमा लागतो हो, लाइफ पॉलिसी लागते हे कुठल्या पुस्तकात आहे? असल्या प्लॅनचा परतावा साधारण 5-6 टक्के पडतो. ट्रकचं लोन साडेतेरा टक्के, सोन्यावर तेरा. म्हणजे तेराने उचलून साडेपाचाने ठेवताय, आणि 1 जून ते 31 जुलै मासळीबंदी, हापूस संपलेला, चिऱ्याच्या खाणी बंद, अशा वेळी. प्रीमियम आणि ट्रकचे दोन हप्ते मिळून दोनेक लाख उचलता, सात महिने धरले तर पंधरा हजार व्याज, दरवर्षी. ज्याने पॉलिसी विकली त्याला तुमचा जून-जुलै माहीत नसेल असं नाही, त्याला कमिशन माहीत होतं.

बरं, कव्हर किती? 12 लाख. ट्रकचे 28 हप्ते बाकी, मुद्दल 9 लाखाच्या आसपास. उद्या तुम्ही नसलात तर लोन फेडून घरी 3 लाख. रोज रात्री हायवे 66 वर गाडी हाकणाऱ्या माणसाच्या दोन मुलांना 3 लाख! ट्रकच्या विम्यातलं 15 लाखाचं ओनर-ड्रायव्हर कव्हर असेल, पण ते अपघातालाच, हार्ट अटॅकला नाही.

म्हणून असं करा. आधी टर्म प्लॅन, म्हणजे नुसतं जीवन कव्हर, 75 लाख ते 1 कोटी, साठीपर्यंत. वर्षाला 15-20 हजार धरा, ट्रक चालवता म्हटल्यावर थोडं जास्त लावतील, लावू दे. फॉर्मवर ड्रायव्हिंग, तंबाखू, मशेरी सगळं खरं लिहा. टर्म हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मध्येच बंद केली तर किती मिळतील ते, लेखी मागवा. चार प्रीमियम भरलेत, 4 लाख 80 हजार, त्यातले निम्मे म्हणजे 2 लाख 40 हजाराच्या आसपास मिळायला हवेत. बाकीचे गेले. हो, गेले. पोटात गोळा येईल, पण ते वाचवायला अजून आठ वर्षं 9 लाख 60 हजार भरणार का? पेड-अप करून (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची) ठेवायचा पर्याय आहे, पण मग आत्ता हातात काही येत नाही, आणि तुमच्याकडे सोनं गहाण आहे.

त्या पैशातून आधी 1 लाख 10 हजाराचं सोनं सोडवा. उरलेल्या 1 लाख 30 हजाराला हात लावायचा नाही, जून-जुलैचे 38 हजाराचे दोन हप्ते त्यातूनच जातील, म्हणजे ह्या पावसात सावकाराकडे जायला नको. पुढच्या सीझनपासून हापूसच्या दर फेरीतले 4-5 हजार वेगळ्या खात्यात टाका, मे अखेरपर्यंत पुढच्या पावसाची सोय होईल. टायरचा सेट आला की सव्वा लाख लागतात, नुसता थर्ड पार्टी विमाच वर्षाला 35 हजाराच्या वर, हे तुमच्या 'महिना 45 हजार सुटतात' मध्ये कुठेच दिसलं नाही, तेव्हा 45 सुटत नाहीत, 30 सुटत असतील. वाशीहून रिकामे येता त्यातल्या दोन फेऱ्यांना जरी परतीचं भाडं मिळालं तर 30 एचपीपेक्षा जास्त फरक पडेल.

रिमॅपवाल्याला 5 हजार टोकन दिलंयत म्हणता, ते परत मागून बघा. नाही दिलं तर सोडून द्या, त्याच्यासाठी उरलेले 80 हजार घालू नका.