काजूच्या टरफलाच्या तेलापासून बायोडिग्रेडेबल प्लास्टिक: एमएस्सीला हा प्रोजेक्ट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीचं दुसरं वर्ष, विषय पॉलिमर केमिस्ट्री, काजूच्या टरफलाच्या तेलापासून बायोडिग्रेडेबल प्लास्टिक बनवायचा विचार आहे, कॉलेजात फक्त एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने रेणूतले बंध ओळखणारं यंत्र) चालू स्थितीत आहे, बाकी चाचण्या पैसे भरून बाहेरून करून घ्याव्या लागतील. घ्यावा का?

घ्या. पण शीर्षकातला 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द आजच खोडा. मी याच तेलावर पीएचडीची पाच वर्षं घालवली. व्हायव्हात परीक्षक पहिला हात याच शब्दाला घालतात.

झाडापासून आलेलं म्हणजे मातीत कुजणारं, असं आपण धरून चालतो. काजूचं तेल याच्या नेमकं उलट वागतं. मी सिंधुदुर्गातला. मे महिन्यात आजी परसात पत्र्यावर काजू भाजायची, तेव्हा टरफलातून तेलाच्या चिळकांड्या उडायच्या आणि भप्पकन पेट घ्यायच्या. ओले काजू सोलायला बसली की हाताला राख चोळायची, नाहीतर कातडी सोलपटायची. हेच तेल लोक होड्यांच्या लाकडाला लावत आले, का, तर लाकूड कुजू नये, कीड लागू नये म्हणून. जे तेल कुजणं थांबवतं, त्याच्यापासून तीन दिशांनी घट्ट विणलेलं जाळं तयार केल्यावर ते कंपोस्टात विरघळेल ही अपेक्षाच चुकीची. तुमचा माल 'जैव-आधारित' असेल, म्हणजे त्यातला कार्बन झाडातून आलेला असेल. तेवढं पुरेसं आहे, आणि ते मोजताही येतं. कार्बन-१४ वरून तसं मोजण्याची एएसटीएम डी६८६६ ही प्रमाण पद्धत आहे. तुम्हाला ती चाचणी परवडणार नाही, पण कागदावर हिशोब करता येईल, तो खाली सांगतो.

आधी तेलात काय असतं ते. टरफलातल्या कच्च्या तेलात साधारण ६०–६५ टक्के अॅनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या भाजलेल्या तेलात मुख्यतः कार्डेनॉल, बरंचसं कार्डॉल आणि थोडा आधीच पॉलिमर झालेला काळा गाळ असतो. कार्डेनॉल म्हणजे फिनॉल (बेंझीनच्या रिंगला लागलेला ओएच), आणि त्याच्या मेटा जागेवर, म्हणजे ओएचपासून एक जागा सोडून, १५ कार्बनची शेपटी. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या शेपटीत आहे. तिच्यात दुहेरी बंध कधी एक, कधी दोन, कधी तीन, क्वचित एकही नाही. म्हणजे बाटलीवर 'कार्डेनॉल' लिहिलेलं असलं तरी आत चार भावंडं नांदत असतात, आणि प्रत्येक लॉटमध्ये त्यांचं प्रमाण वेगळं.

हे मला कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. पहिल्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून साधं तेल आणलं आणि स्वतः डिस्टिल करायला बसलो. व्हॅक्यूम पंपाची नळी कुठेतरी गळत होती. दाब खाली येईना, म्हणून मी तापमान वाढवत गेलो. २५० च्या पुढे फ्लास्कमधला द्रव आधी मधासारखा झाला, मग डांबरासारखा, मग ढवळणारा चुंबकाचा तुकडा त्यात अडकून बसला. तो फ्लास्क शेवटी हातोडीने फोडला. तीन दुहेरी बंध असलेली शेपटी उष्णतेने आपापसात जोडली जाते, हे वाचलं होतं. वाचणं वेगळं. त्यामुळे तुम्हाला सल्ला: डिस्टिल केलेलं कार्डेनॉल विकत घ्या, एकाच लॉटचं, प्रोजेक्टभर पुरेल एवढं. गडद काचेच्या बाटलीत, नायट्रोजन सोडून, फ्रीजमध्ये ठेवा. फिकट पिवळं असतं ते दिवसागणिक लालसर होत जातं. पहिल्याच दिवशी आयोडीन व्हॅल्यू (तेलात दुहेरी बंध किती, याचा आकडा) काढा. ब्युरेट आणि थायोसल्फेट तर कॉलेजात असेलच. तो आकडा हाती नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी.

आता बनवायचं काय? फॉर्मल्डिहाइडबरोबर नोव्होलॅक किंवा रिसोल ही फिनॉलची रेझिन बनतात, एपिक्लोरोहायड्रिनबरोबर इपॉक्सी बनतं, फॉर्मल्डिहाइडच्या जोडीला पॉलिअमाइन घेतलं तर जहाजांच्या रंगात वापरतात ते फिनाल्कमाइन हार्डनर बनतं, जे थंडीत आणि दमट पृष्ठभागावरही घट्ट होतं. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही या तेलाची रेझिन कित्येक दशकं वापरात आहे. तुमच्यासाठी मी बेंझॉक्साझिन सुचवेन, म्हणजे बेंझीनला चिकटलेली, ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली रिंग. कार्डेनॉल, एखादं प्राथमिक अमाइन आणि पॅराफॉर्मल्डिहाइड १:१:२ या प्रमाणात, सॉल्व्हंटशिवाय, ९० अंशांच्या आसपास काही तास. फक्त पाणी बाहेर पडतं. नंतर टोल्युइनमध्ये घेऊन सौम्य अल्कलीने धुवा, म्हणजे उरलेलं फिनॉल निघून जाईल. तापवल्यावर ही रिंग उघडते आणि जाळं बनतं, त्या वेळी वायू सुटत नाही, म्हणून नमुन्यात बुडबुडे कमी.

अमाइन निवडतानाच तो कागदी हिशोब करा. कार्डेनॉलमध्ये २१ कार्बन. अॅनिलीन घेतलं तर त्याचे ६ आणि फॉर्मल्डिहाइडचे २, एकूण २९. त्यातले झाडाचे २१, म्हणजे ७२ टक्के. अॅनिलीनऐवजी फुरफुरिलअमाइन घ्या. ते फुरफुरालपासून बनतं, आणि फुरफुराल मक्याच्या कणसांच्या बुरकुंडापासून. आता एकूण २८ पैकी २६ कार्बन शेतातले, ९३ टक्के. अॅनिलीनच्या विषारीपणातूनही सुटका. या एका तुलनेवर तुमच्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण उभं राहतं.

बनवायला मात्र आठवडा लागतो. बनलं ते खरंच तेच आहे हे दाखवायला सहा महिने.

एफटीआयआर घरचा आहे तर तो भरपूर वापरा. कार्डेनॉलमध्ये ३३०० सेंमी⁻¹ च्या पुढे फिनॉलच्या ओएचचा रुंद पट्टा दिसतो; मोनोमर (अजून न तापवलेलं बेंझॉक्साझिन) नीट बनला तर तो जवळपास नाहीसा होतो. ३०१० चा छोटा शिखर शेपटीतल्या दुहेरी बंधाचा, तो टिकलेला असला पाहिजे. ९५० ते ९७० च्या दरम्यान बेंझॉक्साझिन रिंगचा पट्टा येतो. मग तोच नमुना ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्याने तापवून दर तासाला स्पेक्ट्रम काढा. रिंगचा पट्टा बसत जातो, ओएच पुन्हा वर येतो. हे सगळं फुकटात.

एनएमआरसाठी (रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते दाखवणारी चाचणी) पैसे भराल तेव्हा एका सापळ्यापासून सावध राहा. पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या मधल्या सीएच२ चा सिग्नल ५.३ पीपीएमच्या आसपास दिसला की बेंझॉक्साझिन बनलं. कार्डेनॉलच्या शेपटीतले दुहेरी बंधाचे प्रोटॉनही नेमके तिथेच येतात! मी पहिल्या ग्रुप मीटिंगला तो सिग्नल मोठ्या ऐटीत दाखवला, आणि गाइडनी शांतपणे विचारलं, "मग शेपटीचा कुठे गेला?" अॅनिलीन घेतलं असेल तर ४.५ ते ४.६ मधला, बेंझीनला लागून असलेल्या सीएच२ चा सिग्नल बघा, आणि त्याची शेपटी जिथे रिंगला जोडली जाते तिथल्या सीएच२ च्या २.५ च्या आसपासच्या सिग्नलशी तुलना करा. फुरफुरिलअमाइन घेतलंत तर हे दोन सिग्नल ५.३ आणि ४.५ ऐवजी साधारण ४.९ आणि ४ ला सरकतात, पण फ्युरानचे सिग्नल ६ च्या पुढे वेगळे येतील, ते सोपं.

एनएमआर सोडून बाहेरच्या चाचण्यांत डीएससी (तापवताना किती उष्णता सुटते किंवा शोषली जाते ते मोजणारी) आणि टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी) एवढ्याच घ्या. डीएससी ३०० अंशांपर्यंत मागा आणि दोनदा तापवायला सांगा. पहिल्या फेरीत २५० च्या जवळ उष्णता सोडणारा शिखर दिसला पाहिजे, दुसऱ्या फेरीत तो नाहीसा. टीजीएमध्ये १५० अंशांखालीच वजन घटताना दिसलं तर ते तुमचं पॉलिमर जळत नाहीये, धुताना राहिलेलं टोल्युइन उडतंय. जीपीसीवर (विरघळलेल्या पॉलिमरचं रेणुभार मोजणारी चाचणी) पैसे घालवू नका. क्युअर झालेला, म्हणजे तापवून जाळं बनलेला माल विरघळतच नाही, तर कॉलममध्ये घालणार काय? त्याऐवजी सॉक्सलेटमध्ये (सॉल्व्हंट पुन्हापुन्हा उकळून नमुन्यावरून सोडणारं काचेचं उपकरण) २४ तास टीएचएफ या सॉल्व्हंटने धुऊन किती टक्के वजन उरलं ते काढा. जाळं किती पक्कं झालं याचं ते उत्तर, आणि त्याला फक्त तराजू लागतो.

एक निराशा आधीच सांगून ठेवतो. नुसत्या कार्डेनॉलचं बेंझॉक्साझिन क्युअर केल्यावर फार कडक होत नाही, कारण शेपटी आतल्या आत लवचीकपणा देते. मी ती उणीव समजून दोन महिने झगडलो. त्याच शेपटीमुळे थर पाण्याला दाद देत नाही आणि वाकवला तरी तडकत नाही. म्हणून प्लास्टिकच्या वस्तूऐवजी पत्र्यावरचा गंजरोधक थर, असा प्रोजेक्ट मांडा. दोन पत्रे, एक लेप दिलेला, एक कोरा, मिठाच्या पाण्यात महिनाभर, दर आठवड्याला फोटो.

आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आहेत.