कुपीतला वास आणि अंगावरचा वास

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की अत्तरांविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांत ‘कोणते अत्तर घ्यावे’ यापेक्षा ‘लावल्यानंतर त्याचे काय होते’ अशी विचारणा अधिक आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. अत्तराची परीक्षा दुकानात कुपीचे बूच उघडून होत नाही; ते सकाळी मनगटावर लावावे आणि रात्री झोपताना पुन्हा हुंगावे, तेव्हा ते कळू लागते.

प्रश्न : मी आणि माझी धाकटी बहीण एकाच कुपीतले शमामा वापरतो. तिच्या अंगावर ते संध्याकाळपर्यंत गोडसर दरवळते. माझ्या अंगावर मात्र तासाभरात मसाल्याचा कोरडा वास तेवढा उरतो. असे का व्हावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण ज्याला एक वास म्हणतो तो अनेक द्रव्यांचा मेळ असतो आणि ती सगळी एकाच वेगाने उडून जात नाहीत. एकट्या गुलाबाच्या तेलात तीनशेहून अधिक घटक आढळले आहेत. शमामा तर जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, वेलची, लवंग, जायफळ, जायपत्री, दगडफूल अशा अनेक जिनसांचा एकत्र उतरवलेला अर्क असून त्याचे प्रमाण प्रत्येक अत्तरवाल्याच्या घरी वेगळे असते. आपल्या उटण्यात नागरमोथा आणि गोड्या मसाल्यात दगडफूल असल्यामुळे मराठी घरात वाढलेल्या माणसाला शमामा पहिल्यांदा हुंगतानाही अनोळखी वाटत नाही. यातली वेलची सर्वांत आधी निघून जाते, लवंग आणि जायफळ काही काळ टिकतात आणि नागरमोथा, जटामांसी, दगडफूल व खालचे चंदन तळाशी रेंगाळत राहतात.

हा क्रम किती भरभर पुढे सरकेल, हे त्वचा ठरवते. तेलकट त्वचेवर नैसर्गिक स्निग्धतेचा पातळ थर असतो. अत्तर त्यात विरघळते आणि हळूहळू सुटते. कोरड्या त्वचेवर असा आधार नसल्यामुळे वरचे गोड, हलके घटक लवकर उडून जातात. आपल्या बाबतीत हेच होत असावे. घाम, त्वचेची ऊब, अंघोळीचा साबण, डोक्याला लावलेले तेल आणि प्रत्येकाच्या अंगाचा स्वतःचा वास हेही त्यात मिसळतात. त्वचेच्या आम्लतेमुळे अत्तर बदलते असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु मी तिला फारसे महत्त्व देत नाही. कोरडेपणा आणि उष्णता यांचा परिणाम त्याहून कितीतरी स्पष्ट दिसतो.

उपाय साधा आहे. अंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच मनगटाला आणि कोपराच्या आतल्या बाजूला बिनवासाच्या तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा आणि त्यावर अत्तर टेकवावे. मनगटावर मनगट घासू नये, कारण घासल्याने अत्तर पातळ पसरते आणि वरचा भाग आणखी लवकर उडतो.

याच संदर्भात दवण्याविषयी लिहायला हवे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा दक्षिण भारतात तेलासाठीही पिकवला जातो आणि त्याचे तेल परदेशी अत्तरकारांनाही हवे असते. पिकलेल्या फळासारखा, किंचित मद्यासारखा असा त्याचा वास आहे. ज्या तेलांचा गंध माणसागणिक वेगळा खुलतो म्हणून अत्तरकार मुद्दाम नाव घेतात, त्यांत दवणा अग्रभागी आहे. आपण दोघी बहिणींनी दवण्याचा एकेक थेंब लावून पाहावा. शमामाहूनही अधिक फरक जाणवण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मोहम्मद अली रोडवर एका दुकानात गुलाबाच्या अत्तराची छोटी कुपी दोनशे रुपयांना होती, शेजारच्या दुकानात तेवढ्याच कुपीला काही हजार सांगितले. दोन्ही मला सारखीच सुवासिक वाटली. फरक नेमका कशाचा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुख्य फरक फुलाचा आणि फुलाखालच्या तेलाचा असतो. दुसऱ्याकडे ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते.

उत्तर प्रदेशातील कनौज येथे परंपरेने अत्तर काढतात तेव्हा तांब्याच्या ‘देग’मध्ये फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली जाळ करतात आणि वाफ बांबूच्या ‘चोंग्या’तून ‘भपका’ नावाच्या तांब्याच्या भांड्यात नेतात. पाण्याच्या हौदात ठेवलेल्या या भपक्यात चंदनाचे तेल असते. फुलांचा गंध त्या तेलात उतरतो, खाली साचलेले पाणी काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी ताज्या फुलांची वाफ पुन्हा त्याच तेलावर सोडतात. असे अनेक दिवस चालते. चंदनतेलातील मुख्य द्रव्य म्हणजे सँटॅलॉल. ते जड असल्यामुळे सावकाश उडते, हलक्या फुलांच्या गंधालाही धरून ठेवते आणि फूल निघून गेल्यावर स्वतःचा दुधाळ, मऊ वास मागे ठेवते. चंदनावर उतरवलेले गुलाब अंगावर दीर्घकाळ राहते ते यामुळे.

आता चंदनतेलाचा भाव किलोमागे लाखाच्या घरात असल्यामुळे बहुतेक स्वस्त अत्तरांचा पाया लिक्विड पॅराफिन, डायइथाइल थॅलेट किंवा डायप्रोपिलीन ग्लायकॉल यांचा असतो आणि त्यांत सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात. कुपीत हुंगताना असे मिश्रण उत्तम वाटू शकते, म्हणून आपल्याला दोन्ही सारखी वाटली यात आपल्या नाकाचा दोष नाही. अंगावर मात्र पॅराफिन तेलकट बसते, वासाला दाबून ठेवते आणि शेवटी बिनवासाचा चिकटपणा सोडते. याहून वेगळा प्रकार म्हणजे ‘रूह’. त्यात पायाचे तेल नसतेच, फुलाचे स्वतःचे तेल असते. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण 3,000 ते 5,000 किलो फुले लागतात. रूह गुलाबाची किंमत त्यातून येते. शुद्ध रूह गुलाब थंडीत कुपीतच गोठल्यासारखे घट्ट होते, हीदेखील त्याची एक खूण आहे.

घरी तपासायचे असेल तर कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी हुंगावे. चंदनाचा सौम्य वास उरला असेल तर आशा ठेवण्यास जागा आहे. नुसता तेलाचा डाग उरला असेल तर पाया बिनवासाचा आहे असे समजावे. अर्थात आज चंदनाचा वास देणारी कृत्रिम द्रव्येही फार चांगली बनतात, त्यामुळे ही परीक्षा निर्णायक नाही. निश्चित उत्तर प्रयोगशाळेतच मिळते. कनौजमध्ये 1991 पासून केंद्र सरकारचे सुगंध व स्वाद विकास केंद्र आहे, तेथे तेलांची तपासणी होते. कृत्रिम अत्तर वापरण्यात मला काहीही गैर वाटत नाही; ते शुद्ध म्हणून विकले जाऊ नये एवढाच आग्रह आहे.

प्रश्न : दुबईहून भावाने ऊद असलेले ‘मुखल्लत’ आणले. लावल्यावर पहिला अर्धा तास गोठ्यासारखा आणि औषधासारखा वास येतो. ते खराब झाले आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खराब झालेले नसावे. ऊद म्हणजे अगरूचे तेल. अगरूच्या झाडाला जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला की झाड आत गडद राळ तयार करते आणि त्या राळयुक्त लाकडापासून हे तेल काढतात. आपल्या देशात आसाममधील होजाई हे या व्यापाराचे मोठे ठिकाण आहे. ऊर्ध्वपातनापूर्वी लाकूड बरेच दिवस पाण्यात भिजवून आंबवण्याची तिथे पद्धत आहे. आपल्याला जाणवलेला गोठ्याचा वास बहुधा त्या आंबवण्यातून येतो. तो भाग आधी उडतो. त्यानंतर मध, जुने लाकूड आणि धूप यांच्याजवळ जाणारा जो वास उरतो, त्यासाठी आखातातले लोक ऊदाला एवढी किंमत मोजतात.

मुखल्लत म्हणजे मिश्रण. त्यात बहुधा गुलाब, केशर, अंबर आणि कस्तुरीच्या वासाची द्रव्ये ऊदाबरोबर बसवलेली असतात. गुलाब पहिल्या तासाचा कडूपणा झाकायला येतो, केशर चामड्यासारखी कोरडी धार देते आणि अंबर खालून गोडवा आणते. (हे अंबर लॅबडॅनमची राळ, लोबान व व्हॅनिला यांच्या मेळातून साधलेले असते.) आपण ते घराबाहेर पडण्याच्या तासभर आधी आणि अगदी थोडे लावावे. ऊद दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीनंतरही त्वचेवर जाणवू शकतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तर त्याचा जोर वाढतोच.

प्रश्न : उन्हाळ्यात हिना लावले की माझे डोके दुखते. मग कोणते लावावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाजारात हिना म्हणून मिळणारे अत्तर केवळ मेंदीच्या फुलांचे नसते, ते शमामाच्याच कुळातले मसाल्यांचे उष्ण मिश्रण असते आणि ते परंपरेने थंडीत लावायचे. मेंदीच्या फुलांचे हवे असेल तर ‘गुलहिना’ असे स्पष्ट मागावे. उन्हात त्वचा तापली की जड घटकही एकदम मोठ्या प्रमाणात सुटतात आणि जे जानेवारीत ऊबदार वाटते ते मे महिन्यात असह्य होते.

उन्हाळ्यासाठी वाळा उत्तम. वाळ्याच्या मुळांचे तेल स्वतःच दाट आणि चिवट असल्यामुळे त्याला टिकण्यासाठी दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही, आणि वास मात्र ओल्या गवताचा, थंड असतो. मोगरा सकाळी सुंदर वाटतो, पण दुपारच्या उन्हात त्याची खालची जडसर, जनावरी बाजू वर येते, म्हणून तो संध्याकाळी लावावा. सर्वांत शांत अत्तर मातीचे. कोरडी माती भाजून तिची वाफ चंदनतेलात उतरवतात. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव 1964 मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दिले, तेव्हा त्यांनी आपल्या लेखात उत्तर प्रदेशातील या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला होता. मातीचा वास त्वचेवर फार दूर जात नाही. तो जवळ बसलेल्या माणसापुरता असतो, आणि उन्हाळ्यात मला तेवढेच पुरेसे वाटते.

प्रश्न : कस्तुरीचे अत्तर लावल्यावर मला दहा मिनिटांत काहीच जाणवत नाही, पण यजमान म्हणतात की वास खोलीभर आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते. म्हणून पुन्हापुन्हा लावत जाऊ नये, यजमानांवर विश्वास ठेवावा. कस्तुरीच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. कस्तुरीमृग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे आज मिळते ती कस्तुरी कृत्रिम द्रव्यांची असते, आणि त्यांतले काही रेणू काही माणसांना जन्मतःच जाणवत नाहीत. दुसऱ्या प्रकारची कस्तुरी आपल्याला स्पष्ट जाणवू शकेल. दुकानात मधूनमधून कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा विशेष उपयोग नाही. दारात येऊन मोकळी हवा घ्यावी.

प्रश्न : दोन अत्तरे एकत्र लावता येतात का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अवश्य. जड अत्तर आधी आणि हलके नंतर, एवढा नियम सांभाळावा. चंदनाचा पातळ थर लावून दहा मिनिटांनी त्यावर मोगरा टेकवला, तर मोगऱ्याचा काळ स्पष्ट वाढतो. वाळा आणि गुलाब चांगले जुळतात, वाळा आणि मातीही. केवड्याशी मात्र सावध राहावे. ओडिशातील गंजम जिल्ह्यातून येणारा केवडा इतका पसरणारा आहे की तो सोबतच्या अत्तराला बोलू देत नाही; दहा थेंब चंदनाला एक थेंब केवडा हे प्रमाणही काहींना जास्त वाटेल. ऊद आणि केवडा एकत्र लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कुपीतच मिश्रण करायचे असेल तर काचेची छोटी कुपी घ्यावी आणि दोन-तीन आठवडे अंधारात ठेवून मगच परीक्षा करावी, कारण ताज्या मिश्रणात दोन्ही वास वेगवेगळे जाणवतात.

प्रश्न : अत्तराने मानेवर पुरळ उठले. आणि पैठणीवर लावले तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शमामा आणि हिना यांतील लवंग-दालचिनीचे घटक संवेदनशील त्वचेला त्रास देऊ शकतात, कृत्रिम द्रव्येही देतात. सध्या ते अत्तर बंद करावे, पुरळ राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढे कोणतेही नवे अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. लिंबू, बर्गामॉट अशा सालींच्या तेलांचे मिश्रण लावून उन्हात जाऊ नये. बर्गामॉटच्या सालीतील काही द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात.

पैठणीवर थेट कधीही लावू नये. चंदन आणि ऊद यांचे डाग रेशमावरून निघत नाहीत आणि जरीच्या जवळ तर धोका पत्करूच नये. कापसाचा फाया करून तो कानाच्या पाळीवरच्या खळगीत ठेवण्याची जुनी पद्धत अशा वेळी सर्वांत चांगली आहे, कारण त्यात अत्तर मान आणि कापड दोन्हींपासून दूर राहते. पुरळ उठलेल्या त्वचेसाठीही ती सोयीची आहे, मात्र फाया कोरडा वाटेल इतपतच भिजवावा.